आहेरात दिलेला सांधा

यंदाही दसरा सरला, बांध्यांमधलं पाणी आटलं आणि साकोलीतल्या माझ्या घराच्या मागच्या खिडकीतून कापलेल्या धानाचा वास आत आला. लोकांना या वासाने माहेर आठवतं, नव्या तांदळाचा भात आठवतो. मला रॉकेल आठवतं. रॉकेलच्या घमेल्यात बुडवलेले लोखंडी सांधे, त्यांच्यावरून सुटणारं काळं ग्रीस, आणि ते घासताना दातांवर दात दाबून बसलेली तरणीताठी मी. आता गुडघे कुरकुरतात, शाळेतून निवृत्त होऊनही बराच काळ लोटला. राग मात्र होता तसाच आहे. त्याचं तेलपाणी मी कधी चुकवलेलं नाही.

आणीबाणी उठून एकदोन वर्षं झाली होती. आमचं गाव एकोडी. तलावाखाली बाबांची धानाची शेती, आणि मी, विमल, थोरली मुलगी. माझं लग्न पवनीकडच्या एका मोठ्या घरात ठरलं. मुलाचं नाव सुधाकर. त्याच्या घरी एक लाल, बसकी, दोनच माणसांची विलायती गाडी होती. कुठल्याशा खाणीवरच्या गोऱ्या साहेबाने देश सोडताना ती त्याच्या वडिलांना विकली होती. कापडाचं छत, चाकांना सायकलसारख्या तारा आणि लांबच लांब नाक. साक्षगंधाच्या दिवशी ती आमच्या अंगणात शिरली, तेव्हा नवरदेवाला उतरायला जागा मिळेना एवढी माणसं तिच्याभोवती जमली. मीही खिडकीतून आधी गाडीच पाहिली.

त्या गाडीला जागोजागी दोरे बांधलेले होते. काळ्या-लाल पिळाचा दोरा, त्यात एक कवडी आणि एक बिब्बा. तो त्यांच्या घरच्या देवाचा दोरा. त्यांच्या बैलांच्या गळ्यात तो, दाराच्या कडीला तो, सुधाकरच्या दंडावरही तोच. सुधाकरची आई, तिला सगळे मोठ्याबाई म्हणत, दर अवसेला स्वतः पीळ घालून हे दोरे करायची. मी चहाचा ट्रे घेऊन आत आले तेव्हा सुधाकर बाबांना हसत हसत सांगत होता, "गाडी डावीकडं पळते थोडी. चाक थरथरते. मंग आई दोरा बांधून देते, का मंग ठीक चालते." बाबाही हसले. ते वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि त्या सगळ्या दिवसातलं तेवढं एकच मला शब्दन् शब्द पाठ आहे.

सुधाकर गाडी घेऊन निघाला. माझ्या ओटीतला नारळ अजून कोणी हलवलाही नव्हता, तोच तलावाच्या पाळीवरून ओरडा आला. पाळीवर जिथे रस्ता वळतो, तिथे गाडी वळलीच नव्हती. सरळ पाण्यात गेली होती. सुधाकरचा पाय मोडला. त्याला भंडाऱ्याला नेलं. गाडी तलावाच्या गाळात रुतून बसली, ती दुसऱ्या दिवशी आमच्याच बैलांनी ओढून काढली.

पाठोपाठ मध्यस्थ आला. अंगणात उभा राहूनच बोलला, पाणीसुद्धा घेतलं नाही. मोठ्याबाईंचा निरोप होता की मुलगी पांढऱ्या पायाची आहे, साक्षगंधाच्या दिवशीच आमचा पोरगा मरता मरता वाचला, तेव्हा ही सोयरीक इथेच संपली. बाबांनी मान खाली घातली. मी दाराआड उभी होते आणि वाट पाहत होते, की बाबा आता म्हणतील, अहो, चाक तर आधीपासूनच थरथरत होतं, तुमच्याच पोराने सांगितलं. बाबा म्हणाले नाहीत. सुधाकरही कधी म्हणाला नाही. मोठ्याबाईंना निदान दोऱ्यावर विश्वास तरी होता. सुधाकरच्या स्वतःच्या मुठीत ते चाक थरथरत होतं, त्याला सगळं माहीत होतं, आणि तो पलंगावर पाय लांब करून माझ्या पायांबद्दल चाललेलं बोलणं ऐकत पडला. दोघांमधला कोण मला जास्त खुपतो, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही.

खेड्यात बातमीला पाय लागतात म्हणतात. या बातमीला माझेच पाय लागले होते. मी विहिरीवर गेले की बायका पाण्याचे गुंड आवरून घ्यायच्या. शेजारच्या म्हशीने दूध चोरलं तर त्यांची नजर माझ्या टाचांवर जायची. मग कापणी झाली, कापलेल्या धानाच्या कडपा वाळल्या, भाऱ्यांचे पुंजणे रचले, आणि खळं सारवून तयार झालं. त्या खळ्यावर मी लहानपणापासून खेळलेली. बैलांच्या मागे तणसात लोळायचं, अंग खाजून लाल झालं की तलावात उडी मारायची. त्या वर्षी मी भाकरी घेऊन खळ्याच्या कडेशी पोचले आणि काकू आडवी आली. माझी सख्खी काकू, जिने मला न्हाऊमाखू घातलं होतं. आवाज अगदी मऊ करून म्हणाली, "विमल, तू भाईरच थांब माय. यंदा धान चांगला आला हाये."

मोठ्याबाईंचा निरोप लागला नव्हता इतकं ते लागलं. मी भाकरी तिच्या हातात दिली आणि घरी येऊन पितळी परातीत पाय ठेवून बसले. पाय पाहिले. साधे पाय होते, मातकट, टाचांना भेगा पडलेले. त्याच आठवड्यात आईने मला साकोलीला मामाकडे पाठवून दिलं. सगळे म्हणाले, हवापालट होईल.

दौलतमामाचं गॅरेज मोठ्या सडकेवर होतं. ट्रकांचं काम. मामा म्हणजे बढाईखोर, भांडखोर माणूस. रायपूरपासून नागपूरपर्यंत आपल्यासारखा मिस्त्री नाही हे तो गिऱ्हाइकाने न विचारता सांगायचा. मी गेले तेव्हा गॅरेजच्या मागच्या अंगणात, एरंडाच्या झाडाखाली, ती लाल गाडी उभी होती. नाक चेपलेलं, तारांच्या चाकांत तलावाचा सुकलेला गाळ. त्या लोकांना ती अपशकुनी गाडी दारात नको होती. त्यांनी ती कबाड्याला दिली, आणि कबाड्याकडून मामाने उचलली. मला पाहून मामा ओशाळला. म्हणाला, उद्या कापून टाकतो हिला. मी म्हटलं, आधी खोल.

मामाने गाडीखाली सरकून बराच वेळ खटपट केली आणि मला हाक मारली. त्या जुन्या गाडीत पुढची दोन्ही चाकं एकाच सरळ लोखंडी ॲक्सलवर बसवलेली होती. स्टेअरिंग फिरवलं की एक लांब दांडी चाकाला ओढायची. त्या दांडीच्या टोकाला सांधा होता, खोबणीत बसवलेली गोटी, आपल्या खुब्यात असते तशी. पण तो सांधा दिसतच नव्हता. त्याच्यावर काळ्या-लाल दोऱ्याचे थरांवर थर गुंडाळलेले होते. चाक जास्त थरथरलं की एक दोरा, पुन्हा थरथरलं की त्यावर दुसरा. कवड्या नि बिब्बे त्या गुंडाळीत रुतून बसले होते. मामाने दोरा सोडला नाही. गुंडाळी तशीच ठेवून त्याने सुटलेली गोटी खोबणीत टाकली आणि बोटाने अलगद बाहेर काढली. पुन्हा टाकली, पुन्हा काढली.

"हे पाह्य," तो म्हणाला. "खोबण झिजून थाळीवानी झाली हाये. दोऱ्याखाली कोनाले दिसलीच नाही. तुहे पाय कुठं आले याच्यात?"

मी तो सांधा मामाच्या हातातून घेतला आणि ओढणीत गुंडाळला. मामाला वाटलं मी रडणार. मला तर इतकं हलकं वाटत होतं की भूक लागली. मी मामाला सांगितलं, ही गाडी कापायची नाही, चालती करायची, आणि मला शिकवायची. "काहून?" मामा म्हणाला. मी म्हटलं, "त्याहिच्या दारात उभी कराची हाये."

सूड हा शब्द आपल्याकडे पुरुषांच्या तोंडी शोभतो. बाईने विसरावं, देवाचं नाव घ्यावं, फार झालं तर विहीर जवळ करावी, अशी सगळ्यांची सोयीची समजूत. मला विहीर नको होती. मला मोठ्याबाईंचं तोंड पाहायचं होतं, तो सांधा पाहतानाचं. त्या एका क्षणासाठी मी सगळा हिवाळा गाडीखाली पडून काढला, आणि खरं सांगायचं तर तसा सुंदर हिवाळा पुन्हा माझ्या वाट्याला आला नाही.

जुने सांधे नवे करून मिळतील का हे मामाने नागपूरला विचारून पाहिलं. अशा गाड्यांचं सामान देशात उरलंच नव्हतं. पण तिथल्या कबाडी बाजारात त्याच विलायती घराण्यातली, पुढच्या काळातली एक घरगुती गाडी पडलेली होती. ट्रकने तिची पाठ चेंदून टाकली होती आणि पुढचा भाग धडधाकट होता. तिच्यात सरळ ॲक्सल नव्हता. प्रत्येक चाकाला स्वतःची वेगळी स्प्रिंग, स्वतःचे आडवे हात, एका चाकाला खड्डा लागला तर दुसऱ्याला खबर नाही. लांब दांडीऐवजी दात्यांचा रॅक, हात फिरवला की चाक तेवढंच फिरतं. मामाने तो हलवून पाहिला, मीही पाहिला. कुठे थरथर नाही. लग्नासाठी आईने करून ठेवलेला सोन्याचा गोफ माझ्याकडेच होता. तो मोडून ते सामान घेतलं. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "लग्नाचा गोफ लोखंडात घातला काय वं?" आणि लगेच म्हणाली, "मजबूत हाये न पण?"

मग पौषातल्या त्या सकाळी. थंडीने पाने-पकडी हाताला चिकटायच्या. मी रॉकेलमध्ये एकेक भाग घासायची, मामा जुन्या चौकटीवरून स्प्रिंगचे पाटे आणि ॲक्सल कापून उतरवायचा. नव्या गाडीची पुढची आडवी तुळई जुन्या चौकटीत बसायला तयार नव्हती. एकीचं माप दुसरीला कसं लागणार? मामाने पोलादी पट्ट्या कापून, वेल्डिंग करून दोघींना एकत्र आणलं. स्टेअरिंगचा दांडा जुन्या जागी होता आणि रॅक भलतीकडे, म्हणून मध्ये ट्रकच्या सामानातला एक दुहेरी सांधा टाकावा लागला. तारांची चाकं नव्या हबवर बसेनात, ती गेली, साधी पत्र्याची आली. मी रागाने नट आवळायची. मामा गाडीखालून ओरडायचा, "जास्त नोको आवळू, आटे जातीन. मोठ्याबाईची मान नोहे ते." मामी मला ताटावर बसू द्यायची नाही, म्हणायची पोरीच्या हाताला ट्रकवाल्यांचा वास येऊन राहिला.

गाडी तयार झाली आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. सपाट सडकेवर सरळ जायची. पण चाकाखाली उंचवटा आला की आपलं आपणच डावीकडे वळायची, थेट सुधाकरच्या वेळेसारखी. क्षणभर मलाही वाटलं की दोष माझ्याच पायांत आहे. त्या क्षणाबद्दल मी त्या घराला अजून माफ केलेलं नाही. मामा म्हणायचा, सडकच वाईट. मी गाडीखाली आडवी झाले आणि मामाला गाडीच्या नाकावर उठबस करायला लावली. चाकं वरखाली झाली तशी दिसलं, की रॅक जरा उंच बसला होता, त्याच्या दांड्या आणि चाकाचे हात वेगवेगळ्या वाटेने हलत होते, त्यामुळे चाक उचललं की आपोआप ओढलं जायचं. रॅक खाली घेतला, खालच्या पट्ट्या काढून टाकल्या, आणि ते वळणं थांबलं. मामाने सगळ्या सडकेला सांगितलं की हे त्याला आधीच माहीत होतं.

गाडी शिकले ती धान निघालेल्या बांध्यांमध्ये. मधले धुरे, म्हणजे बांध, फोडून वाट केलेली, खाली धसकटं, आणि गाडी त्यांच्यावरून जाताना एकेक चाक आपापलं वरखाली व्हायचं. माझे हात मात्र स्थिर असायचे. तळहाताखाली न थरथरणारं ते चाक मला आजही तणसाच्या वासात जाणवतं.

एके दिवशी मी गाडी एकोडीला नेली. पाळीवर बाबा उभे होते. त्यांना कोणीतरी सांगितलं असणार. त्याच वळणावर मी गाडी वळवली, परत फिरवली, पुन्हा वळवली. बाबा गाडीपुढे चालत गेले, खळ्याच्या दिशेने, आणि खळ्याच्या कडेला बाजूला सरून उभे राहिले. मी चपला गाडीत काढल्या आणि खळ्यावर चढले. शेवटच्या पुंजण्याची मळणी चालली होती, बैल फिरत होते, पायाखाली धान टोचत होता. मी पूर्ण फेरी मारली. कोणी अडवलं नाही. काकू सूप हातात धरून पाहत राहिली आणि शेवटी म्हणाली, "पाय त धुवून येतीस. ऑइल लागलं न सारं धानाले." मी तिच्याकडे पाहून हसले. त्यानंतर मी तिच्याशी आयुष्यभर गोड बोलले आणि तिच्या हातचं कधी खाल्लं नाही.

पुढे, शाळेत नोकरी लागल्यावर, मी हीच गाडी घेऊन शाळेत जायची. ऐंशीनंतर कधीतरी नागपूरहून एक जुन्या गाड्यांचे शौकीन गृहस्थ आले. गाडीभोवती फिरून हळहळले. म्हणाले, बाई, तुम्ही हिचं वाटोळं केलं, पुढचं सगळं नंतरचं सामान टाकलंत. जुना ॲक्सल, जुने सांधे असते तर ही अस्सल राहिली असती, मी अजूनही विलायतेहून मागवून बसवू शकतो. मी त्यांना चहा दिला. अस्सल म्हणजे जे माणसाला तलावात घालतं आणि नाव दुसऱ्याच्या पायाचं होतं, ते ना, असं विचारलं. त्यांना कळलं नाही. चेहरा जुना ठेवून आतले सांधे बदलता येतात, आणि बदलल्यावर मागचं काही परत बसवायचं नसतं, एवढं मी त्या हिवाळ्यात शिकले होते. गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले.

पण ते पुढचं. त्या हिवाळ्यानंतरच्याच वैशाखात सुधाकरचं लग्न झालं. मुलगी लाखांदूरकडची, नाव शालिनी. आम्हाला पत्रिका नव्हती. मी आईची हिरवी साडी नेसले, मामाला शेजारी बसवलं आणि गाडी त्यांच्या मांडवाच्या तोंडाशी नेऊन उभी केली. आधी पोरं धावली. मग मोठी माणसं उठली. ज्या गाडीला ते कबाड्याकडे कधीच मेलेली समजत होते, ती त्यांच्या दारात घुरघुरत होती, आणि चाकामागे मी.

आमच्याकडे लग्नात आहेर माईकवरून सांगतात. एक माणूस टेबलाशी बसतो, ताट-तांब्या जे येईल ते उचलून दाखवतो आणि गावाच्या, माणसाच्या नावासकट पुकारतो. त्या दिवशी बसलेला माणूस दुपारपासून पुकारून पुकारून घामाघूम झाला होता. जे कानावर पडेल ते तोंडातून जात होतं. मी पितळी थाळी पुढे ठेवली. तिच्यात लाल कापड, कापडावर हळदकुंकू लावलेला तो सांधा. दोऱ्याची गुंडाळी जशीच्या तशी, फक्त कवड्या मी घासून चकचकीत केलेल्या. त्याने थाळी उचलली, थबकला आणि मला विचारलं काय सांगू. मी सांगितलं. आणि सवयीने त्याने ते तसंच्या तसं माईकमध्ये म्हटलं, "एकोडीच्या विमलबाईकडून, नवरदेवाच्या गाडीच्या स्टेअरिंगचा झिजलेला सांधा. मोठ्याबाईच्या हातचे दोरे अजून हायेत त्याच्यावर."

सनईवाल्याने फुंकणं थांबवलं. मोठ्याबाई गर्दीतून आल्या, थाळीपाशी वाकल्या, आणि त्यांचं बोट त्या पिळावरून फिरलं. स्वतः घातलेला पीळ माणसाला ओळखू येतो. मी गोटी खोबणीत टाकली आणि बोटाने बाहेर काढली, मामाने मला दाखवली होती तशी. पुन्हा टाकली, पुन्हा काढली. मोठ्याबाईंचं तोंड मी डोळे भरून पाहिलं. मग बोहल्याकडे पाहिलं. सुधाकर मुंडावळ्यांआड मान घालून बसला होता. त्याने वर पाहावं म्हणून मी थांबले, थांबले, आणि त्याने पाहिलं नाही. त्याच्या शेजारची नवरी मात्र टक लावून पाहत होती, माझ्याकडे नाही, सांध्याकडे.

येताना मामा सारा रस्ता गाणी म्हणत होता. मला वाटलं होतं, मनातलं काहीतरी आता संपेल, रितं होईल. तसं काही झालं नाही. छान वाटत होतं, बस. लोक सांगतात की सूड घेऊन माणसाला शांती मिळत नाही. मला बरीच मिळाली.

त्यानंतर आठदहा कापण्या होऊन गेल्या असतील. असाच धानाच्या वासाचा दिवस, साकोलीचा बाजार. एका बाईने मला मागून हाक मारली. सोबत शाळेच्या वयाची मुलगी. शालिनी होती ती. वैनगंगेवरच्या मोठ्या धरणाची मोजणी तेव्हा सुरू झाली होती, त्यांचं गाव बुडणार असं बोललं जात होतं, तिच्या बोलण्यातही आधी तेच आलं. मग ती पिशव्या खाली ठेवून हळू आवाजात बोलायला लागली. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा घरात पायांचं बोलणं निघालं होतं. बैल मेला तेव्हा निघालं. सुधाकर पुन्हा मोटारसायकलवरून पडला तेव्हाही निघालं. दर वेळी ती आत जायची, फडताळातून तो सांधा काढायची आणि सासूच्या समोर पाटावर ठेवायची. "मंग चूप बसतेत," ती म्हणाली. "देल्ला तेव्हा त्याहिनं तो नदीत फेकाले सांगतलं होतं. म्या फेकू नाही देल्ला."

तो आहेर मी हिच्यासाठी दिला नव्हता. हिचा चेहराही मला नीट आठवत नव्हता. मी तो सुडासाठी दिला होता, आणि इतकी वर्षं तो त्या घरात रोज आपलं काम करत बसला होता.

तिने मुलीचा हात धरला, पिशव्या उचलल्या आणि जाता जाता विचारलं, "विमलताई, तुमचा हाये तो. वापस पायजे काय?"

"सासू जिती हाये न अजून?"

"हायेत."

"मंग राहू दे," मी म्हटलं. "तुह्याच जवळ राहू दे."